जीपची चाके बाहेर काढण्यापूर्वी

जीप आता शेतकऱ्याच्या दाराला नवी राहिलेली नाही. बी-खत आणायचे, माल बाजारात न्यायचा, रात्री-अपरात्री दुखणाईत माणसाला तालुक्याला पोचवायचे, ही सारी कामे ती करते. घरातला तरुण मुलगा ती हौसेने चालवतो आणि हौसेनेच सजवतो. या हौसेतला एक प्रकार म्हणजे चाकांना ‘स्पेसर’ बसवणे. ही वस्तू नेमकी काय आहे, ती काय देते आणि काय घेते, याचा विचार पैसे मोजण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी मिळून करावा.

स्पेसर म्हणजे धातूची जाड चकती. ती हब आणि चाकाची डिस्क यांच्यामध्ये बसते आणि चाक तितके बाहेर सरकते. दोन्ही बाजूंना ३० मिलिमीटरची चकती घातली, तर डाव्या-उजव्या चाकांतले अंतर ६० मिलिमीटरने वाढते. रुंद टायर घातल्यावर स्टिअरिंग पुरते वळवताना तो पाट्याला किंवा चासीला घासत असेल, तर हे घासणे थांबते. स्पेसरचा खरा उपयोग एवढाच. बाकी बहुतेक जण तो गाडी रुबाबदार दिसावी म्हणून, किंवा ‘गाडी उलटत नाही’ असे ऐकून बसवतात.

गाडी खरोखर उलटत नाही का? हिशोब करून पाहू. समजा, गाडीच्या चाकांतले अंतर १५० सेंटिमीटर आहे आणि तिच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर आहे. कागदावरच्या गणिताने ही गाडी ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. आता दोन्ही बाजूंना ३ सेंटिमीटरचे स्पेसर घातले. मर्यादा होते सुमारे ४६ अंश. म्हणजे लाभ एका अंशाचा. त्याच जोडीला स्प्रिंगा चढवून गाडी ५ सेंटिमीटर उंच केली, तर मर्यादा ४४ अंशांवर येते. मिळवलेले गेले आणि गाठीचेही थोडे गेले. प्रत्यक्षात स्प्रिंगा आणि टायर दबतात, टपावर पोती आणि आत माणसे असतात, म्हणून गाडी या आकड्यांच्या पुष्कळ आधीच कलंडते. बांधावरून गाडी आडवी न घालणे आणि टपावरचे ओझे खाली घेणे, यातून जो बचाव होतो तो चकतीतून होत नाही.

आता स्पेसर काय घेतो ते पाहा. भरलेली घागर कमरेवर घेतली तर चालवते. तीच हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो. वजन तेच, अंतर वाढले. एका चाकावर ४०० किलो भार असेल, तर ते ३ सेंटिमीटर बाहेर सरकल्यावर हब आणि बेअरिंगवर तेवढ्या अंतराचा जादा पीळ पडतो. खड्ड्यात चाक आदळले की तो कितीतरी पटींनी वाढतो. बेअरिंग लवकर गुणगुणू लागते, स्टिअरिंगचे सांधे ढिले होतात. पुढच्या चाकांना स्पेसर असेल तर दगडाचा हिसका थेट स्टिअरिंगवर येतो. म्हणून खडकाळ वाटेने जाताना अंगठे स्टिअरिंगच्या चक्राच्या आत अडकवू नयेत. हिसका बसला तर अंगठा दुखावतो. शिवाय चाक मडगार्डबाहेर आले की चिखल आणि खडी मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडते.

सर्वांत मोठा धोका नटांचा. चाक नुसत्या स्टडवर टांगलेले नसते. नट आवळल्यावर डिस्क आणि हब एकमेकांना घट्ट दाबून धरतात, आणि त्या दाबावर चाक टिकते. मध्ये चिखल, गंज किंवा रंगाचा जाड थर राहिला की तो काही दिवसांत चेपतो, दाब कमी होतो, नट ढिले पडतात आणि मग स्टड तुटतात. धावत्या गाडीचे चाक निखळले तर काय होते, हे सांगायला नको.

त्यातही दोन प्रकार आहेत. एक नुसती भोके असलेली चकती. ती घातली की स्टड तितका आखूड पडतो आणि नटाला धरायला आटे कमी उरतात. १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडवर नट निदान १२ मिलिमीटर आत फिरलाच पाहिजे. तो दोन-चार आट्यांवर थांबत असेल तर गाडी जागची हलवू नये. दुसऱ्या प्रकारात चकती हबला वेगळ्या नटांनी आवळतात आणि चाक चकतीच्या स्वतःच्या स्टडवर बसते. हा प्रकार बरा. पण सांधे दोन झाले, म्हणजे तपासणीही दुप्पट.

कोणी आधीच स्पेसर बसवले असतील, त्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. चकतीचे मधले भोक हबच्या उंचवट्यावर नेमके बसावे. सैल बसले की चाक थरथरते.

२. दोन्ही पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून कोरडे करावेत. आट्यांना ग्रीस लावू नये.

३. नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळावेत. शेवटचा ताण टॉर्क पान्यानेच द्यावा, पाइप घालून अंदाजाने नव्हे.

४. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे. आतले नट तपासायला चाक काढावे लागते. तो कंटाळा करू नये.

५. एकावर एक दोन चकत्या कधीही घालू नयेत.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. अपघातानंतर विमा कंपनी गाडीतील बदलांवर बोट ठेवू शकते, हेही ध्यानात असू द्या.

आपल्याच गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचे उदाहरण मात्र वेगळे आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकांतले अंतर रिम आणि डिस्क उलटसुलट बसवून कमी-जास्त करता येते. सोयाबीनच्या ओळी ४५ सेंटिमीटरवर असतील तर चाके १३५ किंवा १८० वर, आणि कपाशी ९० वर असेल तर १८० वर ठेवली की चाक ओळीवर चढत नाही. ही सोय कारखान्याने मुद्दाम ठेवलेली असते. धुरा आणि बेअरिंग तिच्या हिशोबाने बनवलेले असतात. त्यासाठी पुस्तिकेत दिलेलीच जोडणी करावी आणि टायरवरचा बाण पुढे फिरण्याच्या दिशेलाच ठेवावा.

जीपचे टायर घासत असतील तर उत्पादकाने सांगितलेल्या मापाचे टायर आणि रिम पुन्हा बसवणे, हा सर्वांत सरळ इलाज. स्पेसरचे पैसे वाचतील ते ब्रेकच्या लायनिंगला, चांगल्या टायरला आणि एका टॉर्क पान्याला घाला. उद्या त्याच गाडीतून आपली लेकरेबाळे आणि म्हातारी माणसे लग्नाला, दवाखान्याला जाणार आहेत. गाडी रुबाबदार दिसली नाही तरी चालेल. ती सांजेला सर्वांना घेऊन धडपणे घरी यावी.