विजेची साधी गिटार : काय गाळावें, काय राखावें

‘दाम करी काम’ ही म्हण वाद्यांच्या बाजारांत जितकी खरी, तितकीच फसवी आहे. महाग वाद्य पुष्कळदां चांगलें असतें. परंतु स्वस्त वाद्य वाईटच असलें पाहिजे, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. आज अनेक सुशिक्षित घरांत मुलगा किंवा मुलगी विजेच्या गिटारीचा हट्ट धरते. दुकानांत तिची किंमत कांहीं हजारांपासून लाखांपर्यंत असते, आणि वडील माणसें विचारांत पडतात. पैसे वांचवावे, तर वस्तु टाकाऊ निघण्याची भीति. पुष्कळ खर्चावे, तर चार महिन्यांनीं तें वाद्य कपाटावर धूळ खात पडण्याची भीति. या पेचांतून वाट काढावयाची असेल, तर वाद्याच्या किंमतींत कोणकोणत्या गोष्टी भरलेल्या असतात, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

हा पेच मुंबई-पुण्यापेक्षां गोंदिया जिल्ह्यांतील बिरसीसारख्या गांवीं अधिक अवघड होतो. मोठ्या शहरांत चार दुकानें हिंडून दहा वाद्यें हातांत घेतां येतात. बिरसीच्या मनुष्यानें गोंदियास जावें, आणि तेथें मनाजोगें न मिळाल्यास आणखी सुमारें १३० किलोमीटर रेल्वेप्रवास करून नागपूर गांठावें. घरपोच मागवावें, तर पैसे भरून वस्तु हातीं पडेपर्यंत ती पाहावयासहि मिळत नाहीं. म्हणून निवडीचें ज्ञान येथें अधिक मोलाचें.

या निवडीचें तत्त्व बिरसीच्याच आकाशांत दिसतें. १९४० सालीं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, येथें धावपट्टी बांधली गेली. पुढें त्याच ठिकाणीं वैमानिकांना शिक्षण देणारी संस्था निघाली. शिकाऊ वैमानिकाचें विमान लहान असतें. प्रवासी विमानांतील सुखसोई त्यांत नसतात, आसनें मोजकीं असतात. परंतु उंची दाखविणारें व वेग दाखविणारें यंत्र मात्र त्यांत असतेंच. विमान शिकाऊ आहे म्हणून तीं यंत्रें कोणी गाळीत नाहीं. उलट नवशिक्यालाच त्यांची गरज अधिक. शिकाऊ वाद्याचा न्यायहि हाच आहे.

संगीताच्या क्षेत्रांत या न्यायाचें उत्तम उदाहरण म्हणजे आपल्या घरोघरची पेटी. युरोपांतून आलेली हार्मोनियम खुर्चीवर बसून, पायानें भाता चालवून वाजवावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं तिला हातभात्याचें सुटसुटीत रूप दिलें. तिचे पाय गेले, पायभाता गेला, वाजविणाराचा एक हात भात्यांत गुंतला. परंतु सूर देणाऱ्या पितळी पट्ट्या आणि हवेचा भाता कायम राहिला. तेवढ्या बळावर ती कीर्तनापासून संगीत नाटकापर्यंत सर्वत्र पोंचली. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिच्यावर बंदी घातली, आणि ती बंदी १९७१ सालीं शिथिल झाली, हें खरें. परंतु टीकाकारांचा आक्षेप तिच्या स्वस्ताईवर नव्हता. तिचे सूर ठरीव आहेत आणि तिच्यांतून मींड निघत नाहीं, यावर होता. वाद्याची परीक्षा त्याच्या थाटावरून न करतां सुरावरून करावी, हें त्या टीकाकारांनाहि मान्यच होतें.

आतां विजेच्या गिटारीकडे वळूं. साध्या गिटारींत तारेचा नाद लांकडाची पोकळ पेटी वाढविते. म्हणून त्या पेटीचें लांकूड, तिची जाडी, तिची कारागिरी या सर्वांवर आवाज अवलंबून असतो. विजेच्या गिटारींत हें काम पेटीकडे नसतें. तिच्या तारा पोलादी असतात. तारांच्या खालीं लोहचुंबक बसविलेले असून त्यांच्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. वरची तार कंप पावली कीं चुंबकाचें क्षेत्र हालतें, आणि वेढ्यांतून क्षीण विद्युत्प्रवाह वाहूं लागतो. मायकेल फॅराडे यानें १८३१ सालीं शोधून काढलेल्या तत्त्वाचाच हा उपयोग होय. या भागास पिकअप म्हणतात. त्यांतून निघालेला प्रवाह ध्वनिवर्धकांत जाऊन मोठा होतो व कर्ण्यांतून नाद उमटतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत येईल. नाद पोकळ पेटींतून यावयाचा नसल्यामुळें गिटारीचें धड म्हणजे एक भरीव फळी असली तरी चालतें. ही शक्यता प्रथम हवाईयन गिटारीवर अजमावली गेली. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूची कांडी फिरवून वाजविण्याचा हा प्रकार भारतांतील रेडिओश्रोत्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. अमेरिकेंत जॉर्ज बोशां व अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनीं १९३२ सालीं अशी एक विजेची गिटार विक्रीस आणली. तिचें धड अॅल्युमिनियमचें, वाटोळें व लहान असल्यामुळें लोकांनीं तिला ‘तवा’ हें नांव दिलें.

पुढें कॅलिफोर्नियांत रेडिओ दुरुस्त करण्याचा धंदा केलेला लिओ फेंडर यानें १९५० सालीं एक भरीव गिटार काढली. सपाट फळीचें धड, त्यावर चार स्क्रूंनीं बसविलेली मान, आणि एका नमुन्यांत एकच पिकअप, अशी ती होती. मान चिकटविण्याऐवजीं स्क्रूंनीं बसविल्यामुळें ती बनविणें सोपें झालें, आणि खराब झाल्यास बदलणेंहि सोपें झालें. १९५४ सालीं गिब्सन कारखान्यानें ‘ले पॉल ज्युनियर’ ही गिटार विद्यार्थ्यांकरितां काढली. त्यांच्या थोरल्या ‘ले पॉल’वरील कोरीव फुगीर पृष्ठभाग, सोनेरी रंग व दुसरा पिकअप तींत नव्हता, किंमतहि निम्म्याहून कमी होती. विद्यार्थ्यांसाठीं काढलेलें हें वाद्य पुढें अनेक नामांकित वादकांनीं रंगमंचावर आपखुषीनें हातीं धरलें. त्याच सुमारास नॅथन डॅनियल यानें लांकडाचा भुगा दाबून केलेल्या तावांची गिटार केली, आणि तिचे पिकअप चक्क लिपस्टिकच्या नळ्यांत बसविले. तींहि वाद्यें वाजलीं, आणि आजहि आवडीनें वाजविलीं जातात.

तेव्हां काय गाळलें तर बिघडत नाहीं, याचें उत्तर या इतिहासांतच आहे. दुसरा व तिसरा पिकअप, त्यांची अदलाबदल करणारा खटका, तारांचा सूर हालविणारा दांडा, मानेवरील शिंपल्याची नक्षी, दुर्मिळ लांकडाचा मुलामा, चकचकीत रंग हें सर्व गाळतां येतें. एक पिकअप आणि आवाजाचें एक बटण एवढ्यावर शिक्षण उत्तम होतें. हालता दांडा तर हलक्या वाद्यांत नसलेलाच बरा. तो निकृष्ट असला म्हणजे तारा पुनःपुन्हां बेसूर होतात. पिकअप एकपदरी वेढ्याचा असेल, तर वीजपुरवठ्याच्या ५० आवर्तनांमुळें ध्वनिवर्धकांतून थोडी गुणगुण ऐकूं येते. हा दोष घालविण्यासाठीं १९५५ च्या सुमारास सेथ लव्हर यानें दोन वेढ्यांचा पिकअप सिद्ध केला. तो मिळाल्यास चांगलें. न मिळाल्यास ती गुणगुण सोसण्यासारखी असते.

परंतु चार गोष्टींत तडजोड करूं नये. पहिली गोष्ट खुंट्या. पिळलेली खुंटी जागच्या जागीं राहिली पाहिजे. दुसरी गोष्ट पडदे. बाराव्या पडद्यावर तारेची लांबी निम्मी होऊन सूर एक सप्तक चढतो, आणि मधील प्रत्येक पडद्यास कंपनसंख्या सुमारें ५.९५ टक्क्यांनीं वाढते. हा हिशेब पडद्यांच्या जागेंतच बांधलेला असतो. तो चुकला तर पुढें कितीहि रियाझ केला तरी सूर जुळत नाहीं. तिसरी गोष्ट घोडी व मानेच्या टोकाची खांचांची पट्टी. खांचा उथळ राहिल्यास तारा उंच राहतात, दाबतांना ताणल्या जातात आणि सूर चढा लागतो. चौथी गोष्ट मानेंतील पोलादी सळई. भातशेतीच्या या जिल्ह्यांत पावसाळ्यांत हवा ओली, तर वैशाखांत कडक कोरडी असते. लांकूड फुगतें, आकसतें, मान वांकते. ती सळई पिळून पुन्हां सरळ करतां आली पाहिजे.

ही परीक्षा दुकानांत पाव घटकेंत होते. वाद्य डोळ्यासमोर धरून मानेची सरळ रेषा पाहावी. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून छेडावी. कोठें खरखर अथवा बंद सूर आढळल्यास वाद्य परत ठेवावें. बाराव्या पडद्यावर तारेस नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तीच तार दाबून निघणारा सूर एक आहे कीं नाहीं, हें ऐकावें. तारा जरा ओढून पुन्हां सूर पाहावा. ज्यास गिटार येत नाहीं, परंतु पेटीवर सूर ओळखतां येतो, अशा गृहस्थासहि हें करतां येईल. वाद्य घरपोच मागविणाऱ्यानें परत करण्याची मुदत आधीं विचारून घ्यावी, आणि तें आल्या दिवशींच ही तपासणी करावी.

आणखी एक हिशेब पुष्कळ लोक विसरतात. एकटी गिटार म्हणजे अर्धेंच वाद्य. समजा, घरांत पंधरा हजार रुपये काढून ठेवले आहेत. ते सर्व गिटारीवर घातले, तर ती मुकी राहील. नऊ-दहा हजार गिटारीला, तीन-चार हजार लहान ध्वनिवर्धकाला, आणि उरलेले नव्या तारांना व जाणत्या कारागिराकडून घोडी-खांचा नीट करून घेण्यास, अशी वांटणी शहाणपणाची. १९६२ सालीं डॅनियलच्या कारखान्यानें सीअर्स या दुकानाकरितां केलेल्या एका गिटारीच्या पेटींतच ध्वनिवर्धक बसविला होता. नवशिक्याची ही अडचण त्या चतुर कारखानदारानें ओळखली होती. वीज गेली तर काय, असेंहि कोणी विचारील. वीज गेली तरी भरीव गिटार मंद वाजते, आणि बोटांचा सराव चालू राहतो. घरांतील इतरांची झोंपहि मोडत नाहीं, हा लाभ लहान नव्हे.

साध्या वाद्याची मर्यादाहि सांगितली पाहिजे. रंगमंचावर निरनिराळे नाद लागणाऱ्या वादकाला एक पिकअप अपुरा पडेल. वाद्य पुन्हां विकावयाचें झाल्यास मोठ्या नांवाच्या वाद्याइतकें मोल येणार नाहीं. परंतु हे प्रश्न दोन-तीन वर्षांनंतरचे आहेत.

पहिल्या वर्षाचा प्रश्न निराळा आणि गंभीर आहे. शिकणाऱ्या मुलास सूर चुकला, तर दोष हाताचा कीं वाद्याचा, हें कळत नाहीं. तो दोष आपल्याच माथीं घेतो. खुंटी घसरते, तार बोट कापते, सूर लागत नाहीं, आणि ‘आपल्याला संगीत येणार नाहीं’ असा ग्रह करून तो वाद्य ठेवून देतो. त्या घरानें पैसे गमावले, हें नुकसान अल्प. मुलाचा आत्मविश्वास गेला, हें मोठें. उलट, वाद्य साधें पण सच्चें असेल, तर चूक कोठें झाली हें त्याला ऐकूं येतें, आणि उद्यां ती सुधारतां येते.

वारकऱ्याच्या एकतारीला एकच तार असते. तिला कोणी अपुरी म्हणत नाहीं, कारण ती तार सुरांत असते. गिटार घेणाऱ्या घरानें हीच कसोटी लावावी. रंग आणि बटणें मोजूं नयेत. सूर ऐकावा, मान पाहावी, आणि वांचलेले पैसे एखाद्या चांगल्या शिक्षकाच्या पहिल्या कांहीं महिन्यांच्या फीसाठीं बाजूस ठेवावे.