आखडणे आणि सोडणे

स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. अडकलेली मोटार ढकलणाऱ्या माणसाच्या शरीरातही प्रत्यक्षात प्रत्येक स्नायू कोणत्या ना कोणत्या हाडाला ओढतच असतो. म्हणूनच मानवी शरीरातले सहाशेहून अधिक ऐच्छिक स्नायू, म्हणजे हाडांना जोडलेले आणि इच्छेनुसार हलवता येणारे स्नायू, बहुतेक ठिकाणी परस्परविरोधी जोड्यांनी काम करतात. दंडाच्या पुढील बाजूचा द्विशिरस्क स्नायू आखडला की कोपर वाकते आणि मागील बाजूचा त्रिशिरस्क आखडला की हात सरळ होतो. मात्र एक आखडत असताना दुसऱ्याने सैल पडणे आवश्यक असते आणि त्याला तसा आदेश मेरुरज्जूमधूनच मिळतो. स्नायूंचे वर्णन करताना सारा भर आखडण्यावर दिला जातो, परंतु पकड सोडणे हीदेखील ऊर्जा खर्च करून साधावी लागणारी क्रिया आहे, आणि ती बिघडली तर होणारे परिणाम अशक्तपणापेक्षा कमी गंभीर नसतात.

ही गोष्ट समजण्यासाठी स्नायूच्या आत शिरावे लागते. कंडरा नावाच्या चिवट दोरीसारख्या ऊतीने हाडाला बांधलेला स्नायू हजारो तंतूंचा बनलेला असतो. असा प्रत्येक तंतू म्हणजे अनेक केंद्रके असलेली एकच लांबट पेशी असते आणि तिच्या आत त्याहून बारीक तंतुकांच्या जुड्या असतात. प्रत्येक तंतुक हा सार्कोमियर नावाच्या, विश्रांतीच्या वेळी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दोन ते अडीच पट लांबीच्या घटकांची रांग असतो. सार्कोमियरमध्ये मायोसिन या प्रथिनाचे जाड धागे आणि ॲक्टिनचे पातळ धागे एकमेकांत अंशतः शिरलेले असतात. स्नायू आखडताना हे धागेच दुमडून आखूड होत असावेत, अशी कल्पना पूर्वी मांडली जात असे. परंतु १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र गटांनी दाखवले, की धाग्यांची लांबी बदलत नाही, ते एकमेकांवरून सरकतात. एका गटात अँड्र्यू हक्स्ली व रॉल्फ नीडरगेर्के होते, दुसऱ्यात ह्यू हक्स्ली व जीन हॅन्सन. दोन्ही हक्स्लींचे परस्परांशी कोणतेही नाते नव्हते, ही विज्ञानाच्या इतिहासातली एक गमतीदार गोष्ट म्हणावी लागेल.

सरकण्याचे हे काम मायोसिनच्या धाग्यावरील असंख्य सूक्ष्म शिरे करतात. रस्सीखेच खेळणारा गडी जसा दोर धरतो, ओढतो, सोडतो आणि पुन्हा पुढे धरतो, तसे प्रत्येक शीर ॲक्टिनला चिकटते, वाकून त्याला ओढते, सुटते आणि पुढच्या जागी चिकटते. पेशीतील ऊर्जेचे चलन मानला जाणारा एटीपी हा रेणू येथे जे करतो, ते काहीसे अनपेक्षित आहे: तो मायोसिनला जोडला गेल्यावरच शिराची ॲक्टिनवरील पकड सुटते, आणि त्यानंतर त्याच्या विघटनातून मिळणाऱ्या ऊर्जेने शीर पुढच्या ओढीसाठी सज्ज होते. चेतातंतूकडून संदेश येताच तंतूतील खास पिशव्यांमधून कॅल्शियम बाहेर पडते आणि त्यामुळे ॲक्टिनवरील चिकटण्याच्या जागा मोकळ्या होतात. संदेश थांबल्यावर तेच कॅल्शियम पंपांच्या साहाय्याने पिशव्यांत परत भरावे लागते, आणि हे पंपही एटीपीवरच चालतात. म्हणजे सैल पडण्यासाठी एटीपी दोन ठिकाणी खर्ची पडतो.

मृत्यूनंतर देह ताठ का होतो, याचे उत्तर यातच आहे. श्वसन थांबल्यावर एटीपीची निर्मिती बंद पडते, पंप थांबून कॅल्शियम पेशीद्रवात साचते, ॲक्टिनला चिकटलेली शिरे सोडवणारे काहीच उरत नाही. साधारणतः काही तासांत ही ताठरता जबडा व मानेत जाणवू लागते, बारा तासांच्या आसपास सर्वांगात पसरते आणि पुढे प्रथिनांचेच विघटन होऊ लागल्यावर ओसरते. उष्ण हवेत हा सारा क्रम अधिक जलद होतो, म्हणून मृत्यूची वेळ ठरवताना न्यायवैद्यकाला तापमानाचा विचार करावाच लागतो.

धनुर्वातात बिघाड स्नायूत नसून वर, मेरुरज्जूत असतो. मातीत आढळणाऱ्या जिवाणूचे विष जखमेतून चेतातंतूंच्या वाटेने तेथवर पोहोचते आणि स्नायूंना थांबण्याचे आदेश देणाऱ्या चेतापेशींचा आवाज बंद करते, त्यामुळे परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आखडतात. प्रथम जबडा मिटून बसतो. पुढे पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा बलवान असल्यामुळे शरीर मागे कमानीसारखे वाकते.

दैनंदिन जीवनात स्नायू पूर्णपणे सोडण्यापेक्षा हळूहळू सोडण्याचे प्रसंग अधिक येतात. गड उतरताना मांडीच्या पुढील बाजूचा स्नायू ताण धरूनच लांबत जातो, म्हणजे तो शरीराला ब्रेक लावत असतो. अशा कामाला ऊर्जा चढण्यापेक्षा कमी लागते, पण तंतूंची सूक्ष्म हानी अधिक होते, आणि एक-दोन दिवसांनी मांड्या दुखतात त्या बहुतांशी यामुळेच. या दुखण्याचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडण्याची सवय अजून गेलेली नाही. वस्तुतः श्रम थांबल्यावर तास-दीड तासात लॅक्टेटचे रक्तातील प्रमाण पूर्ववत होते, आणि दुखणे सुरू होते ते त्याच्या कितीतरी नंतर.

सोडण्याचे महत्त्व हृदयाच्या स्नायूत सर्वांत स्पष्ट दिसते. मिनिटाला ७५ ठोके पडत असताना एका ठोक्याला ०.८ सेकंद लागतो, त्यापैकी साधारण ०.३ सेकंद निलय, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, आखडलेले आणि ०.५ सेकंद सैल असतात. याच सैल काळात निलय रक्ताने भरतात, आणि डाव्या निलयाच्या भिंतीला स्वतःचा रक्तपुरवठाही मुख्यतः तेव्हाच होतो, कारण आखडलेली भिंत स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून टाकते. नाडी फार जलद झाली की कात्री लागते ती प्रामुख्याने या विश्रांतीलाच. हृदय निकामी होणे म्हणजे ते दुर्बळपणे आखडणे, असा समज सर्वसाधारणपणे असतो. परंतु या विकाराच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये निलय जवळपास नेहमीच्याच जोमाने आखडतो आणि तरीही धाप लागते, कारण ताठर झालेला निलय नीट सैल पडत नाही, म्हणून भरत नाही, आणि रक्त मागे फुप्फुसांत तुंबते.