पेशींतील दुरुस्ती-पथकाचा शोध

मानवी पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्या डीएनएमधील सुमारे ६०० कोटी अक्षरजोड्यांची नक्कल होते. त्यात राहिलेल्या चुका शोधून दुरुस्त करणारी प्रथिने पेशीतच असतात. संस्थेच्या जमाखर्चास अंतर्गत तपासणी असते, तशीच ही व्यवस्था होय. ती बिघडल्यास चुका साचत जातात आणि कर्करोगाचा धोका वाढतो.

ही प्रथिने एकेकटी नव्हे, तर जोडीने वा समूहाने कार्य करतात. म्हणून तो समूह न मोडता पेशीबाहेर काढावा लागतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे पॉल मॉड्रिच यांच्या प्रयोगशाळेने १९९५ मध्ये हे साधले. प्रयोगशाळेत वाढविलेल्या हेला पेशींच्या अर्कातील प्रथिने टप्प्याटप्प्याने वेगळी करण्यात आली. मोठ्या आतड्याच्या ज्या कर्करोगपेशींत दुरुस्तीची क्षमता उरली नव्हती, त्यांच्या अर्कात कोणता अंश मिसळल्यास दुरुस्ती पुन्हा सुरू होते, हीच कसोटी होती. अखेर दोन प्रथिनांची एक जोडी हाती लागली. आज ती एमएसएच-२ व एमएसएच-६ या नावांनी ओळखली जाते. मॉड्रिच यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लिंडाल व संजार यांच्यासह विभागून मिळाले.

आमच्यासारख्या रुग्णालयात असे संशोधन होत नाही. परंतु त्याचे फळ रुग्णांपर्यंत पोहोचले आहे. काढलेल्या गाठीत ही प्रथिने आहेत किंवा नाहीत, हे आज विकृतिशास्त्र तपासणीत पाहता येते. ती नसल्यास लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकाराची शक्यता पडताळली जाते. हा दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. मात्र तो वेळीच कळल्यास नियमित कोलोनोस्कोपीने आतड्याचा कर्करोग पुष्कळदा टाळता येतो. म्हणूनच घराण्यातील आजार डॉक्टरांपासून लपवू नयेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

येथे एका ऋणाचा उल्लेख आवश्यक वाटतो. हेला पेशी १९५१ मध्ये बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतून, तिची संमती न घेता घेण्यात आल्या. त्याच वर्षी तिचे निधन झाले. तिच्या पेशी मात्र आजही जगभर वाढत आहेत. संमतिपत्रावरील स्वाक्षरी हा केवळ कागदोपत्री उपचार नव्हे, तर रुग्णाचा अधिकार आहे, याचे स्मरण आम्हां सर्वांना सदैव राहो.