विश्लेषण : रील हजारोंनी पाहिली, सीताफळाच्या पेट्या किती गेल्या?

बालाघाटच्या डोंगररांगांत पिकणाऱ्या बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बागेत उभे राहून केलेली रील आज क्षणात पुण्या-मुंबईत पोहोचते. फळाला मात्र तिथे जायला रात्र लागते आणि पिकलेले फळ दोन दिवसही दम धरत नाही. मोबाइलवरून फळ विकण्याचा सगळा हिशेब या तफावतीवर ठरतो. बागायतदार, बचत गट आणि गर काढणाऱ्या लहान उद्योजकांनी समाजमाध्यमे कशी वापरावीत, याविषयी…

सीताफळाची अडचण काय?

फळाचे डोळे उघडले आणि दोन डोळ्यांमधला भाग पिवळसर दिसू लागला की तोडणी करावी लागते. तोडलेले फळ साधारण तीन-चार दिवसांत पिकते. थंडीत ठेवावे तर साल काळी पडते. त्यामुळे चांगला भाव येईपर्यंत माल अडवून ठेवण्याची सोय शेतकऱ्याकडे नसते. बाजारात आवक वाढली की भाव पडतो आणि मिळेल त्या दराने क्रेट रिकामे करावे लागतात. थेट ग्राहक गाठता आला तर ही कोंडी थोडी सुटते. पण तो ग्राहक तोडणीच्या आधी ठरलेला हवा. फळ क्रेटमध्ये भरल्यावर शोधायला निघालेला ग्राहक बहुतेकदा उशिराच सापडतो.

मग प्रसिद्धी कधी सुरू करायची?

पावसाळ्याच्या सुरुवातीला झाड फुलावर येते आणि फळ धरल्यापासून तोडणीपर्यंत साधारण चार महिने जातात. कोरडवाहू बागांचा मुख्य हंगाम दसरा-दिवाळीच्या आसपास असतो. प्रसिद्धीसाठी हेच चार महिने कामाचे. फुलोरा, लहान फळे, फवारणी, विरळणी, पहिला तोडा अशी आठवड्याला एक-दोन छायाचित्रे किंवा छोटा व्हिडिओ पुरतो. ग्राहकाला बाग ओळखीची वाटू लागते. तोडणीला पंधरा दिवस उरले की नोंदणी घ्यावी आणि जितक्या पेट्यांची नोंदणी झाली तितकाच माल थेट विक्रीसाठी बाजूला काढावा. उरलेला नेहमीप्रमाणे बाजार समितीत किंवा गर प्रक्रियेला द्यावा. सगळी बाग मोबाइलवर अवलंबून ठेवणे पहिल्या वर्षी धोक्याचे.

व्हॉट्सॲप बिझनेस वेगळे काय देते?

लहान व्यवसायासाठीचे हे मोफत ॲप भारतात जानेवारी 2018 मध्ये आले. त्यातील ‘कॅटलॉग’मध्ये 500 पर्यंत वस्तू छायाचित्र, वजन आणि दरासह मांडता येतात, म्हणजे प्रत्येकाला तोच फोटो आणि तोच भाव पुन्हा पाठवावा लागत नाही. ‘लेबल’ वापरून नवी ऑर्डर, पैसे बाकी, माल रवाना अशी विभागणी करता येते. शेतात असताना उत्तर देणे शक्य नसेल तर ठरलेला संदेश आपोआप जातो.

‘ब्रॉडकास्ट लिस्ट’ ही सोय सर्वांत उपयोगी. एका यादीत 256 जणांना एकच संदेश पाठवता येतो आणि तो प्रत्येकाला स्वतंत्रपणे मिळतो. अट एकच, समोरच्याने तुमचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये जतन केलेला हवा. म्हणून पेटीवर व्यवसायाचे नाव व क्रमांक छापावा आणि ‘पुढच्या हंगामाची खबर हवी असल्यास हा क्रमांक जतन करा’ अशी ओळ टाकावी. कुठून तरी मिळवलेल्या याद्यांवर संदेशांचा मारा केला, तर लोक तक्रार करतात आणि क्रमांक बंद पडू शकतो.

इन्स्टाग्राम-फेसबुकवरील अनुयायी कंपनीच्या नियमांवर टिकतात. आज दिसणारी पोस्ट उद्या दिसेलच असे नाही. ग्राहकांची स्वतःची यादी मात्र व्यवसायाची मालमत्ता असते. ती वहीतही उतरवून ठेवावी.

दुकान असेल तर?

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव अशा ठिकाणी गाळा असणाऱ्याने गुगलवर व्यवसायाची मोफत नोंद आधी करावी. परगावाहून आलेला माणूस ‘जवळचे दुकान’ शोधतो तेव्हा नकाशावर नाव, वेळ, रस्ता आणि ग्राहकांचे अभिप्राय दिसतात. चुकीची वेळ किंवा बंद पडलेला क्रमांक तिथे राहिला, तर दारापर्यंत आलेला ग्राहक परत जातो. वाईट अभिप्रायाला भांडून उत्तर देण्यापेक्षा काय दुरुस्त केले ते सांगावे. पुढचा ग्राहक तेही वाचतो.

डिझायनर परवडत नसेल तर?

तयार नमुन्यांवर मजकूर बदलून पोस्टर करण्याची साधने आता मोबाइलवर मिळतात. अशा साधनांच्या निर्मितीत बीडचे नाव आहे. आष्टी तालुक्यातील दादासाहेब भगत यांनी आयटीआय केल्यावर पुण्यात इन्फोसिसच्या अतिथिगृहात काम केले. नोकरी करता करता ते ग्राफिक्स आणि ॲनिमेशन शिकले. टाळेबंदीच्या काळात गावी परतून त्यांनी गोठ्याच्या जागेतून काम सुरू ठेवले. तयार डिझाइन देणाऱ्या त्यांच्या ‘डिझाइन टेम्पलेट’ या व्यवसायासाठी ‘शार्क टँक इंडिया’च्या तिसऱ्या पर्वात अमन गुप्ता यांनी 10 टक्के हिश्श्याच्या बदल्यात 1 कोटी रुपयांचा करार केला. गावात राहून शहरातला ग्राहक मिळवता येतो, हे या प्रवासातून दिसते. मात्र त्यांचा माल इंटरनेटवरून जातो, सीताफळाला गाडी लागते.

जाहिरातीवर पैसे घालावेत का?

आधी हिशेब मांडावा. उदाहरणादाखल 3 किलोची पेटी 450 रुपयांना विकली असे धरू. पेटी, भरण आणि वाहतुकीला 150 रुपये गेले. दहापैकी एक पेटी खराब निघून पैसे परत द्यावे लागले, तर प्रत्येक पेटीमागे आणखी 45 रुपये. उरले 255, म्हणजे किलोला 85 रुपये. आता 1,000 रुपयांची जाहिरात करून 20 पेट्यांची मागणी आली, तर पेटीमागे 50 रुपये कमी होऊन किलोला सुमारे 68 रुपये उरतात. त्या दिवशीचा बाजारभाव याहून चांगला असेल, तर जाहिरात तोट्याची. म्हणून रील किती जणांनी पाहिली यापेक्षा किती जणांनी विचारले, किती जणांनी पैसे भरले आणि किती जणांनी पुन्हा मागवले, हे तीन आकडे लिहून ठेवावेत. जाहिरात करायचीच तर पेटी एका रात्रीत जिथे पोहोचते त्या शहरांपुरतीच करावी.

कायद्याच्या बाजू कोणत्या?

शेतकऱ्याने स्वतःचे ताजे फळ विकण्यासाठी अन्न नोंदणी लागत नाही. गर, रबडी किंवा आइस्क्रीम विकायचे तर ‘एफएसएसएआय’ची नोंदणी आवश्यक असून 14 अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. भौगोलिक मानांकनाचे चिन्ह वापरण्यासाठी उत्पादकाची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद हवी. बाहेरचे फळ ‘बीडचे सीताफळ’ म्हणून खपवले, तर प्रामाणिक बागायतदारांचेही नाव जाते. वाण आणि बागेच्या तांत्रिक सल्ल्यासाठी अंबाजोगाईला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे.

फसवणूक कशी टाळायची?

मोठ्या ऑर्डरचा फोन आला की आनंदाच्या भरात चूक होते. लष्करात अधिकारी असल्याचे सांगून ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगण्याची पद्धत भामटे वापरतात. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी टाकावा लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट बनावट असू शकतो, त्यामुळे रक्कम आपल्या खात्यात दिसल्याशिवाय पेटी गाडीत चढवू नये. व्हॉट्सॲपचा ओटीपी कोणालाही सांगू नये आणि ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू ठेवावे. फसवणूक झालीच तर तातडीने 1930 या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

पहिल्या हंगामात काय साधावे?

पन्नास पेट्या वेळेवर पोहोचल्या आणि खराब फळाचे पैसे न भांडता परत दिले, तर पहिले वर्ष चांगले गेले असे समजावे. फळ दबलेले निघाल्यावर शेतकरी फोन उचलतो की नाही, हे ग्राहक लक्षात ठेवतो. पुढच्या पावसाळ्यात झाड फुलावर येईल तेव्हा त्या पन्नास घरांना पाठवलेला एक संदेश नव्या जाहिरातीचा खर्च वाचवू शकतो.