चौथ्या आठवड्यातला घोगरा आवाज

काशीत घसा बसायला कारणांची वाण नाही. घाटावर गिऱ्हाइकांना हाका मारणारा नावाडी, दुर्गाघाटाजवळच्या मराठी वस्तीत वेद म्हणणारा घनपाठी, मदनपुऱ्यात यंत्रमागाच्या खडखडाटावर आवाज चढवणारा विणकर, ठुमरीच्या रियाजाला बसलेली गायिका, कुणाचाही आवाज कधीतरी चिरकतोच. मग तोंडात ज्येष्ठमध धरायचं आणि वाट पाहायची. बहुतेकदा आवाज सुटतो, आणि त्या अनुभवाचीच मला धास्ती वाटते. कारण स्वरतंतूवरची वाढ साधी असो की कर्करोगाची, कानाला दोन्हींचा घोगरेपणा सारखाच लागतो. फरक डोळ्यांना दिसतो. नाकातून बारीक दुर्बीण जाते, रुग्ण ‘ई’ म्हणतो आणि पडद्यावर दोन पांढुरक्या घड्या मिटतात. स्ट्रोबच्या उघडझाप करणाऱ्या उजेडात त्यांच्यावरची लाट सावकाश सरकताना दिसते. आवाजाच्या अतिवापराने येणाऱ्या गाठी दोन्ही तंतूंवर समोरासमोर असतात, सर्वांत जोरात आपटणाऱ्या जागी. पॉलिप बहुधा एकाच बाजूला, गुळगुळीत. कर्करोगाची जागा खडबडीत असते आणि तिथे लाट अडते. तरीही हा संशयच. पक्कं निदान तिथला तुकडा काढून तपासल्यावरच.

प्रत्येक बसलेल्या घशाला दुर्बीण कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पहिले तीन आठवडे आवाजाला विश्रांती पुरे. श्वास अडला, थुंकीत रक्त दिसलं किंवा मानेत गाठ लागली तर मात्र तेवढंही थांबू नये. तुकडा काढला की रोग पसरतो, ही भीती निराधार आहे. तुकडाही चुकतो, हे मात्र खरं. 1887 साली जर्मन युवराज फ्रेडरिकच्या घशातल्या तुकड्यांत विकृतिशास्त्रज्ञ फिर्खोला कर्करोग आढळला नाही. पुढच्या वर्षी 99 दिवस राज्य करून फ्रेडरिक त्याच रोगाने गेला. म्हणून नजर आणि अहवाल जुळत नसतील तर तुकडा पुन्हा घ्यावा लागतो.

एवढा आग्रह धरायचा, कारण हा कर्करोग लवकर बोलतो. तंतूवर कणभर वाढ झाली तरी आवाज बिघडतो, आणि तिथे लसीकावाहिन्या विरळ असल्याने रोग बराच काळ जागेवर राहतो. या अवस्थेत नुसत्या किरणोपचाराने किंवा लेझरने दहांतले सुमारे नऊ रुग्ण बरे होतात, आवाजही बहुधा राहतो. उशीर झाला तर कधी अख्खं स्वरयंत्र काढावं लागतं आणि मग गळ्याच्या छिद्रातून श्वास. पूर्वांचलातल्या रुग्णांना एकेकाळी मुंबईत परळचं टाटा स्मारक रुग्णालय गाठावं लागे; आता काशीतच 2018 पासून लहरताऱ्याला आणि 2019 पासून बनारस हिंदू विद्यापीठात टाटा स्मारकाची रुग्णालयं आहेत. बिडी ओढणाऱ्या नावाड्याचा आवाज चौथ्या आठवड्यातही सुटला नाही, तर ज्येष्ठमधाची पुडी बाजूला ठेवून घरच्यांनी त्याला तिथे न्यावं.