तूर का उधळते?

दिवाळीच्या सुमारास गोदाकाठच्या काळ्या रानात तूर फुलोऱ्यात येते. बीड जिल्ह्याच्या गेवराई-माजलगाव पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या जिवाला घोर लागतो तो याच दिवसांत. कालपर्यंत हिरवंगार दिसणारं झाड अचानक माना टाकतं, पानं पिवळी पडतात आणि आठवड्याभरात उभं झाड वाळतं. जमिनीत ओल असते, पण झाड मात्र तहानेनं मरतं. ‘तूर उधळली’ म्हणतात, ती हीच मर.

अशा झाडाच्या बुंध्याकडून वर चढत गेलेला जांभळट पट्टा सहज दिसतो. साल सोलली की आत काळपट रेघा दिसतात. मुळांकडून शेंड्याकडे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तिथं काळ्या पडलेल्या असतात. हे काम ‘फ्युजेरियम उडम’ या बुरशीचं. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेतील बुरशीतज्ज्ञ एडविन बटलर यांनी १९०६ मध्ये तुरीच्या मरीवर लिहिलं आणि १९१० मध्ये या बुरशीला नाव दिलं.

फुलोऱ्यात दिसणारी मर सुरू होते खूप आधी. मागच्या तुरीची धसकटं रानात राहतात आणि त्यांच्या आश्रयानं ही बुरशी सुमारे तीन वर्षं तग धरते. नव्या तुरीची मुळं मातीत शर्करा आणि अमिनो आम्लं सोडतात. या खुराकावर बुरशीचे बीजाणू जागे होतात, कोवळ्या मुळांतून किंवा सूत्रकृमींनी केलेल्या जखमांतून आत शिरतात आणि नळ्यांमध्ये पसरतात. बुरशी वाढते, झाडही बचावासाठी डिंकासारखा पदार्थ सोडतं. दोन्ही मिळून नळ्या तुंबतात. फुलं-शेंगांमुळे पाण्याची गरज वाढते, नेमकं तेव्हाच पाणी वर चढेनासं होतं.

पण मुळांच्या त्या खुराकावर फक्त ही एकच बुरशी जगत नाही. मुळांभोवतीच्या चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू आणि बुरशी नांदतात. रायझोबियम हा जिवाणू मुळांवर गाठी करून हवेतला नत्र झाडाला देतो. ट्रायकोडर्मा ही बुरशी फ्युजेरियमच्या तंतूंना विळखा घालते आणि विकरं सोडून त्यांची भिंत विरघळवते. स्यूडोमोनास जिवाणू मातीतलं लोह पकडून ठेवतो, त्यामुळे रोगकारक बुरशीची उपासमार होते. मर लागणार की नाही, हे बऱ्याच अंशी या गर्दीत कोण वरचढ ठरतं यावर अवलंबून असतं.

याचा पुरावा फ्रान्समध्ये मिळाला. शातोरनार भागातल्या काही जमिनींत फ्युजेरियम असूनही खरबुजाला मर फारशी लागत नव्हती. ती माती वाफेनं निर्जंतुक केली तेव्हा तिचा हा गुण गेला. थोडी मूळ माती दुसऱ्या मातीत मिसळली तर तो गुण तिकडेही आला. संरक्षण करत होते ते मातीतले जीवच.

सोबतचं पीकही मरीवर परिणाम करतं. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेतल्या १९८०च्या दशकातील प्रयोगांत ज्वारीसोबत घेतलेल्या तुरीत मर कमी आढळली. मराठवाड्यातल्या जुन्या ज्वारी-तूर पद्धतीचं मोल यातून कळतं. आज बीड जिल्ह्यात खरीप ज्वारीची जागा सोयाबीन आणि कापसानं घेतली आहे.

वाणांनी मोठा आधार दिला. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे बीएसएमआर ७३६ आणि बीडीएन ७११ हे मर प्रतिकारक वाण मराठवाड्यात रुजले. मात्र मरीच्या बुरशीचे निरनिराळे प्रकार आहेत आणि एकच वाण सगळीकडे सारखा टिकेल असं नाही. म्हणून वाणाला मातीची साथ हवी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं ‘बायोमिक्स’ हे उपयुक्त बुरशी-जिवाणूंचं मिश्रण याच विचारातून आलं.

पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा जरूर चोळावा, पण कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकासोबत नको, कारण ते ट्रायकोडर्मालाही मारतं. शेणखत चांगलं कुजलेलं द्यावं, पाणी साचू देऊ नये. उधळलेली झाडं मुळासकट उपटून नष्ट करावीत, बांधावर टाकू नयेत. आणि ज्या तुकड्यात यंदा मर लागली, तिथं पुढची तीन वर्षं तूर पेरू नये.