इंट्रॉनच्या पोटात इंट्रॉन

या जूनमध्ये आमच्या महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्राचा एम.एस्सी.चा वर्ग बंद झाला. मुलेच मिळेनात. कवकशास्त्राचे सूक्ष्मदर्शक आता कपाटात कुलूपबंद आहेत. ज्या जिल्ह्यात संगमनेर-अकोल्याचा टोमॅटो दरसाल करप्याने जळतो, तिथे बुरशी ओळखणारी माणसे घडवायची थांबली, याचे मला फार वाईट वाटते.

त्या वर्गात मी शिकवलेल्या इंट्रॉनच्या गोष्टीची सुरुवातीची वर्षे झटकन सांगतो. १९७७ मध्ये रॉबर्ट्स आणि शार्प या शास्त्रज्ञांना दिसले की जनुकाचा मजकूर सलग नसतो. मधले तुकडे आरएनएतून कापून टाकावे लागतात. १९७८ मध्ये गिल्बर्ट यांनी त्यांना ‘इंट्रॉन’ नाव दिले, १९९३ मध्ये त्या शोधाला नोबेल मिळाले. आमच्या क्रमिक पुस्तकात एक परिच्छेद वाढला आणि त्यात ‘निरुपयोगी’ हा शब्द. १९९६ मध्ये यीस्ट या बुरशीचा जनुकसंच वाचून झाला. सुमारे सहा हजार जनुकांत तीनशेही इंट्रॉन नव्हते. बुरशीत या विषयात काही नाही, असे आम्हीही शिकवत राहिलो.

माझे खरे दशक २००३ ते २०१३. २००३ मध्ये न्यूरोस्पोराचा आणि २००५ मध्ये ॲस्परजिलसचा जनुकसंच आला. या तंतुमय बुरशींची जनुके इंट्रॉनांनी भरलेली निघाली. त्याच सुमारास अकोल्याच्या एका मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिले, ‘इंट्रॉनलाही काम असू शकेल.’ बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचे गुण कापले. मी भांडलो. ‘अभ्यासक्रमात नाही,’ एवढेच उत्तर मिळाले. ती बरोबर होती, हे मला आज छापून सांगायचे आहे.

२००६ मध्येच त्याचा पुरावा समोर आला. स्ट्रोबिल्युरिन गटाची औषधे बुरशीच्या सायटोक्रोम बी या प्रथिनावर काम करतात. त्याचे १४३वे अमिनो आम्ल बदलले की औषध लागू पडत नाही. पण गव्हाच्या तांबेऱ्यात नेमका त्या जागेला लागूनच इंट्रॉन असतो. तिथले जनुकाचे अक्षर बदलले तर इंट्रॉन कापला जात नाही, प्रथिन तयार होत नाही आणि बुरशीच मरते. म्हणून तांबेऱ्याला ती पळवाट बंद. करपा आणणाऱ्या अल्टरनेरिया सोलानी या बुरशीच्या काही वाणांत हा इंट्रॉन आहे, काहींत नाही. तिची बहीण अल्टरनेरिया अल्टरनाटा हिच्यात तो नाही, आणि ती औषधाला पुरती निर्ढावते. ज्याला आपण रद्दी म्हणत होतो, त्यावर शेतकऱ्याच्या फवारणीचा खर्च ठरतो.

तो इंट्रॉन मायटोकॉन्ड्रियातला. केंद्रकातल्या जनुकांतली नवलाई २०१३ मध्ये हंगेरीतल्या डेब्रेत्सेनच्या फेकेते, कराफ्फा, फ्लिप्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली: इंट्रॉनच्या पोटात इंट्रॉन, म्हणजे जोड-इंट्रॉन. मी वर्गात कागदाच्या पट्टीवर ते करून दाखवायचो. टाकाऊ तुकड्याच्या आरंभी लिहायचे ‘इथे कापा’. मग ‘इथे’ आणि ‘कापा’ यांच्यामध्ये दुसरा टाकाऊ तुकडा चिकटवायचा. आता खूण वाचताच येत नाही. आतला तुकडा आधी काढला की दोन शब्द जुळतात आणि बाहेरचा कापता येतो. बुरशीची पेशी हेच, ह्याच क्रमाने करते. मुले कात्री हातात घेऊन गप्प व्हायची. तो तास मी विसरणार नाही.

हे घडले कसे? कुठे जुन्या इंट्रॉनमध्ये नवा येऊन बसला, कुठे डीएनएचा छोटा तुकडा दुणावला आणि कापायची नवी खूण तयार झाली. पुढे हायपोक्सिलॉन या लाकडावर वाढणाऱ्या बुरशीत असे जोड-इंट्रॉन एकमेकांच्या नकला वाटाव्यात इतके सारखे, अनेक जनुकांत सापडले. म्हणजे ही घडण जुनी होऊन थांबलेली नाही.

आणि आमच्याकडे? पानावर गोल कडी दिसली की दुकानातून तीच बाटली, पुन्हा तीच, पंप भरला की मारली. बुरशी कोणती, हे कुणी पाहत नाही. टोमॅटो लावणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: डागाळलेली पाच-सहा पाने कागदी पिशवीत घाला, राहुरीला कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात न्या, करपा कोणत्या बुरशीचा ते विचारा, आणि मगच औषध घ्या.